प्लिमथमध्ये ब्रॅडफर्डच्या मागावर

मे महिन्यात आईला घेऊन प्लिमथला जाऊन आलो. बॉस्टनच्या दक्षिणेला साधारण चाळीस मैल. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या इंग्रजांनी इथे वसाहत केली. ते ज्यावर उतरले असं मानतात तो '१६२०' कोरलेला खडक बघायला बहुतेक लोक जातात आणि पाच मिनिटांत हिरमुसून परततात. खडक लहान आहे, मंडपाखाली खोलगट जागेत ठेवलेला, वरून वाकून बघायचा. या वसाहतीचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम ब्रॅडफर्डने त्या खडकाचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. तेव्हा खडक उरकून घ्या आणि दिवस ब्रॅडफर्डला द्या. हा माणूस १६२१ पासून १६५७ पर्यंत, मधली मोजकी वर्षं सोडली तर, सतत इथला गव्हर्नर होता.

सुरुवात 'मेफ्लॉवर दोन'वरून करा. हे मूळ जहाज नाही; १९५७ साली इंग्लंडहून शिडांवर आलेली प्रतिकृती आहे. खालच्या मजल्यावर डोकं वाकवूनच फिरावं लागतं. तिथे उभं राहिलं की १०२ प्रवासी आणि ६६ दिवस हे आकडे अंगावर येतात. ब्रॅडफर्ड तेव्हा तिशीचा होता. यॉर्कशरमधल्या ऑस्टरफील्डचा, लहानपणीच आईबाप गमावून काकांकडे वाढलेला. इंग्लंडच्या चर्चपासून फुटलेल्या मंडळींबरोबर तो हॉलंडला पळाला आणि लायडनमध्ये कापड विणून पोट भरलं. तिथून निघताना त्याने आणि डोरोथीने आपला लहानगा मुलगा जॉन मागेच ठेवला. डिसेंबर १६२० मध्ये तो किनाऱ्यावर वस्तीसाठी जागा शोधत फिरत असताना डोरोथी जहाजावरून पाण्यात पडून बुडाली. त्याने शेकडो पानं लिहिली, पण तिच्याबद्दल शेवटच्या यादीत एवढंच आहे की आल्यावर थोड्याच दिवसांत बायको वारली.

आईने विचारलं, "आणि त्या पोराचं काय झालं?" पोरगा काही वर्षांनी इथे आला, तोवर घरात सावत्र आई होती. कामासाठी परदेशात येताना मूल आजी-आजोबांकडे ठेवलेली घरं आमच्या ओळखीत आहेत. आई बराच वेळ गप्प होती.

जहाजावरून समोरच्या कोल्स हिलवर चढा, पाचच मिनिटं लागतात. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसं गेली, ती इथे पुरली. तिथेच मॅसासॉइटचा पुतळा आहे. मार्च १६२१ मध्ये वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांच्या या प्रमुखाशी तह झाला नसता तर वसाहत तगली असती असं मला वाटत नाही. पुतळ्याजवळचा फलक वाचल्याशिवाय निघू नका. १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सणाच्या, दिवशी मूळनिवासी लोक इथे जमून शोकदिन पाळतात. ब्रॅडफर्डबद्दल मला मनापासून आदर आहे, पण १६३७ मध्ये मिस्टिकला इंग्रजांनी पेक्वॉट या मूळनिवासी लोकांची वस्ती जाळली, त्याबद्दल त्याने जे लिहिलं ते मला सोसत नाही. प्लिमथची माणसं त्यात नव्हती, तरी जळणाऱ्या माणसांचं वर्णन करून तो विजय त्याने गोड यज्ञासारखा म्हटला आहे.

प्लिमथ पटक्सेट म्युझियमने पुन्हा उभारलेलं जुनं इंग्रजी गाव तिथून सुमारे तीन मैलांवर आहे. जहाज, गाव आणि पाणचक्की यांचं एकत्र तिकीट परवडतं. गावासाठी किमान तीन तास ठेवा. तिथले लोक सतराव्या शतकातले रहिवासी होऊन बोलतात, त्यांना शेतीचं जरूर विचारा. आधी सगळ्यांचं पीक सामाईक होतं आणि कुरकुर चाले. १६२३ मध्ये ब्रॅडफर्डने घरटी जमीन वाटून दिली, तशा बायकाही मुलांना घेऊन आपणहून मका लावायला रानात उतरल्या. शेजारच्या पटक्सेट वस्तीत मात्र कुणी सोंग घेत नाही. तिथे आजचे मूळनिवासी आपली माहिती स्वतः सांगतात, त्यांना 'रेड इंडियन' म्हणू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. पटक्सेट हे इथल्या जुन्या गावाचं नाव. इंग्रज यायच्या आधीच साथीने ते गाव ओस पडलं होतं. इंग्रजांना मदत करणारा स्क्वांटो तिथलाच. पळवून स्पेनमध्ये विकला गेला, तिथून सुटून परतला तर गावात माणूस उरला नव्हता. मक्याच्या बुंध्याशी खत म्हणून मासे घालायला इंग्रजांना त्यानेच शिकवलं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर ते हेरिंग मासे पाणचक्कीजवळच्या ओढ्यात प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. आम्हाला दिसले.

गाडी नसेल तर बॉस्टनच्या साउथ स्टेशनहून किंग्स्टनची लोकल घ्या आणि पुढे टॅक्सी. जुन्या माहितीत प्लिमथ स्टेशन आढळेल, तिथे आता गाडी जात नाही. परतीची वेळ आधीच बघून ठेवा, शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं. मेमध्येही समुद्रावरचं वारं बोचतं, जाकीट हवंच. शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा, कारण चाउडर या इथल्या दाट सूपमध्ये शिंपल्यांबरोबर बेकनही असू शकतं. गावातल्या पिल्ग्रिम हॉल या संग्रहालयात ब्रॅडफर्डचं बायबल आहे. त्याच्या इतिहासाचं हस्तलिखित मात्र बॉस्टनच्या स्टेट हाउसमधल्या ग्रंथालयात आहे. हरवलेलं हे बाड १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८९७ मध्ये परत आलं. ग्रंथालय शनिवार-रविवारी बंद असतं. पानांची छायाचित्रं ऑनलाइन बघता येतात, ती फोनवर उतरवून न्या.

बरिअल हिल ही जुनी दफनभूमीची टेकडी शेवटी ठेवा. चढ आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश. ब्रॅडफर्डच्या स्मारकस्तंभावर हिब्रू अक्षरं आहेत. देवाची मूळ भाषा डोळ्यांनी बघावी म्हणून म्हातारपणी तो हिब्रू शिकत होता. वर बसून मी आईला त्याच्या इतिहासातला १६४४ चा मजकूर मराठीत सांगितला. चांगल्या जमिनीसाठी एकेक कुटुंब प्लिमथ सोडून चाललं होतं, आणि इथलं चर्च लेकरांनी टाकलेल्या म्हाताऱ्या आईसारखं झालं, असं त्याने लिहिलं आहे. आई म्हणाली, "पुन्हा वाच."