बाईंची दुसरी वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी लिहा’ असं पत्र आलं. मुख्याध्यापकांविषयी आणि मैदानाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. हे सगळं बाईंविषयीच आहे.

हजेरीपटाखाली बाईंची एक खाकी पुठ्ठ्याची दुसरी वही असे. मागे पडणाऱ्या मुलाच्या नावापुढे त्यात ‘अभ्यास करत नाही’ असं कधी लिहिलेलं नसायचं. सकाळी काय खाऊन आला, टँकर किती वाजता येतो, धाकटं भावंड कोण सांभाळतं, रात्री घरात उजेड कुठे असतो, अशी टिपणं. मूल वर्गात अडलं की कारण आधी वर्गाबाहेर शोधायचं, ही बाईंची रीत.

कॉपीचा तो प्रसंग त्या वेळच्या चौथीला आठवत असेलच. शेजाऱ्याची गणितं चुकांसकट उतरवली म्हणून एक मुलगा बाईंपुढे उभा केला. बाईंनी वही उलटली. फळ्यावरची तारीखही त्याने शेजाऱ्याच्याच वहीतून घेतली होती, तीही चुकीची. तारखेची कॉपी कोण करतं? पोराला फळाच दिसत नव्हता.

मग दर जूनला डोळे तपासणं सुरू झालं. सकाळच्या उजेडात, व्हरांड्यात. सहा मीटरची सुतळी, तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. अक्षरांचा तक्ता नको, कारण रांगेतली पोरं पुढच्याचं ऐकून पाठ करतात. म्हणून इंग्रजी ‘ई’चा तक्ता, फाटे कुणीकडे आहेत ते हाताने दाखवायचं, आणि रांग दाराआड. डोळा बोटांनी झाकला की फटीतून बघतात, तळव्याने दाबला की तोच डोळा पुढच्या पाळीला धूसर पाहतो आणि चांगला असून वाईट ठरतो. म्हणून झाकायला पुठ्ठा, तोही नुसता टेकवलेला. डोळे बारीक करून वाचलेली ओळ धरायची नाही. ६/९ ची ओळ, म्हणजे निकोप डोळ्याला नऊ मीटरवरून दिसते ती, सहा मीटरवरून जमली नाही की आरोग्य केंद्राची चिठ्ठी. चष्मा आल्यावर आणखी एक काम उरायचं: तो दप्तरात न राहता नाकावर राहतो का, ते बघायचं.

आपल्या बीडकडे दिवाळी झाली की घरं ऊसतोडीला निघतात आणि वर्ग निम्मा होतो. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि फडात तान्ह्याला धरायला थोरली मुलगी लागतेच. हंगाम संपून टोळ्या परततात तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. पुस्तकाचा क्रम बाजूला ठेवून बाई भागाकार आणि अपूर्णांक दिवाळीच्या आत संपवायच्या. पुढचं सगळं त्यावर उभं, आणि ते फडात कुणी शिकवत नाही. त्याआधी महिनाभर हातच्याची वजाबाकी, कारण भागाकार बहुतेकदा तिथेच फसतो.

पोटाचा हिशोबही वहीत असे. कोऱ्या चहावर आलेलं मूल तिसऱ्या तासाला पेंगतं, म्हणून गणित पहिल्या दोन तासांत. १९९५ च्या योजनेत ८० टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे, पण तो घरच्या पातेल्यात सगळ्यांचा व्हायचा. आता शाळेतच शिजतं, पाचवीपर्यंत १०० ग्रॅम तांदूळ, पुढे आठवीपर्यंत १५०. लोहाच्या गोळ्याही येतात. उपाशी पोटी दिल्या की मळमळतं, चहाबरोबर घेतल्या की लोह अंगी लागत नाही, तेव्हा त्या जेवणानंतरच द्यायच्या. हे कळलं ते त्या वहीमुळे, आणि आज माझ्या वर्गात तशीच एक वही आहे. शाळेने मुलांची जी ऑनलाइन माहिती भरायची, तिच्यात आधारचा रकाना असतो, न्याहारीचा नसतो.

नवी इमारत देखणी आहे. चिंच मात्र राहू द्यायला हवी होती. बाईंचा तक्ता जुन्या कपाटामागे सापडला म्हणतात. पण नवा व्हरांडा जेमतेम तीन मीटर, म्हणून तो तिथे टांगू नये. तीन मीटरच्या तक्त्यातल्या खुणा निम्म्या आकाराच्या असतात. जुनाच तक्ता तिथे लावला तर सगळ्या शाळेचे डोळे उत्तम निघतील. व्हरांड्याऐवजी सभागृहात, खिडक्यांच्या बाजूला, सहा मीटर सहज मिळतात.