तळघर नसलेलं घर

मागच्या आठवड्यात इथे डेट्रॉईटला दोन दिवस नुसता धो धो पाऊस, तिसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटमध्ये उतरलो तर शेवटच्या पायरीनंतर पाय थेट पाण्यात. सम्प पंप बंद पडलेला. तिकडच्या लोकांना सांगतो, इथे घराखाली घराएवढंच तळघर असतं आणि जमिनीतलं पाणी आत चढू नये म्हणून कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवतात. गणपतीचं थर्माकोलचं मखर मस्त तरंगत होतं, भारतवारीच्या बॅगा भिजून फुगलेल्या, पाटा-वरवंटा तेवढा जागचा हलला नाही.

बादल्या उपसता उपसता मला आठवला ईलाय ब्रोड, पुढे घरं बांधून बडा उद्योजक झालेला माणूस. स्पेलिंग बघून सगळे ब्रॉड म्हणतात, पण उच्चार रोडसारखा, ब्रोड. हे तळघर हवंय कशाला, हा प्रश्न त्याला 1957 साली याच गावात पडला होता, आणि तेव्हा तो काही बिल्डर नव्हता बरं का, तेविशी-चोविशीतला अकाउंटंट! आईवडील लिथुआनियातून आलेले, वडील आधी घरं रंगवायचे, मग छोटी दुकानं टाकली. हा सीए झाल्यासारखा सीपीए झाला, पण दुसऱ्यांच्या वह्या तपासून कंटाळला. बायकोच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा डोनाल्ड कॉफमन घरं बांधायचा, त्याचे हिशेब बघता बघता याला कळलं की पैसा नक्की कुठे जातोय. मग सासऱ्यांकडून 25,000 डॉलर उसने घेऊन दोघांनी कॉफमन अँड ब्रोड काढली. (सासुरवाडीच्या पैशावर धंदा म्हणजे आपल्याकडे आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.)

आता तळघराचं. पूर्वी घर गरम करायला कोळसा लागायचा, तो साठवायला तळघर. नंतर गॅस आला, कोळसा गेला, तळघर मात्र राहिलंच, कारण सगळे बांधतात म्हणून आपणही बांधायचं. यांनी ते उडवलं, गॅरेजही उडवलं, त्याऐवजी गाडीपुरतं नुसतं छप्पर. घराची किंमत 13,740 डॉलर. पण खरी मेख पुढे आहे, महिन्याचा हप्ता दोन बेडरूमच्या अपार्टमेंटच्या भाड्यापेक्षा कमी बसला पाहिजे हे त्याने आधी ठरवलं आणि मग घर त्यात बसवलं. ठाण्या-पुण्यात सॅम्पल फ्लॅट बघून आल्यावर आपण रात्री कागदावर हेच गणित मांडत बसतो ना, ते गणित या माणसाने बिल्डरच्या बाजूने मांडलं. सॅम्पल घरं उघडल्यावर पहिल्याच वीकेंडला 17 घरं विकली गेली म्हणे.

पुढे फिनिक्स, मग लॉस एंजेलिस. 1969 ला न्यूयॉर्क शेअर बाजारात लिस्ट झालेली ही पहिली घरबांधणी कंपनी, आज तिला केबी होम म्हणतात. कॉफमन लवकरच बाजूला झाला, त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही याचं मला जरा वाईट वाटतं, कारण भिंत सरळ कशी उभी करायची ते त्यालाच माहीत होतं. ब्रोडने 1971 मध्ये एक इन्शुरन्स कंपनी घेतली, तीच पुढे सनअमेरिका, 1999 मध्ये 18 अब्ज डॉलरना एआयजी या विमा कंपनीला गेली. 2021 मध्ये तो वारला.

दोन वर्षांपूर्वी एलएला गेलो तेव्हा त्याचं म्युझियम पाहिलं, द ब्रोड, 2015 ला उघडलेलं, तिकीट नाही, फुकट (आपण मराठी माणसं लगेच रांगेत). वर चित्रं, शिल्पं वगैरे बघून जिन्याने खाली उतरताना मधेच भिंतीत काचेची खिडकी येते, आत डोकावलं तर जाळ्यांच्या रॅकवर ओळीने टांगलेली चित्रं, म्हणजे त्यांची साठवणीची खोली. चांगली मोठी, इमारतीच्या अगदी मधोमध, आणि जमिनीपासून वर. बायकोला म्हटलं, बघ, लोकांना सामान ठेवायला तळघर दिलं नाही आणि स्वतःचा माळा बघ केवढा बांधला.

ती म्हणाली, पाणी तरी शिरणार नाही त्यात.

नवा पंप उद्या येतोय.