बिदर : बिदरीच्या वाटेने पाहिलेले शहर

बिदरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा उदगीर-भालकीच्या बाजूने येतो, किल्ला पाहतो, गुरुद्वारा नानक झिरा साहिब येथे माथा टेकतो आणि वेळ उरलाच तर परतीच्या वाटेवर एखादे बिदरीचे, म्हणजे काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवलेल्या वस्तूंचे, दुकान गाठतो. त्यात गैर काही नाही. परंतु हा क्रम उलटा करावा, असे माझे मत झाले आहे. आधी जुन्या शहरात, चौबारा आणि सिद्दीक शाह तालीम यांच्या आसपासच्या गल्ल्यांत, बिदरीकाम करणाऱ्या कारागिराजवळ तासभर बसावे आणि मगच मदरसा, किल्ला आणि अष्टूरचे घुमट पाहायला निघावे. या शहरातील इमारती ज्या नजरेने सजवल्या, त्या नजरेची रीत आधी कळली म्हणजे भिंतींवर काय पाहायचे ते आपोआप कळते.

बिदर वसले आहे जांभ्या दगडाच्या पठारावर. अहमदशहा वली बहामनी याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपली राजधानी गुलबर्ग्याहून येथे आणली, जुन्या किल्ल्याची नव्याने उभारणी केली आणि किल्ल्याला लागून तटबंदीचे शहर वाढले. शहागंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तालघाट या दरवाजांची नावे आजही लोकांच्या बोलण्यात आहेत. शहराच्या मधोमध, मुख्य रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे, चौबारा हा सुमारे ७१ फूट उंचीचा गोल टेहळणी बुरूज उभा आहे. त्याच्या पायथ्याशी आता रिक्षा आणि फळांच्या गाड्या यांचे राज्य आहे. बहामनींनंतर बरीदशाही आली, १६१९ साली विजापूरच्या आदिलशाहीने बिदर घेतले, १६५७ साली औरंगजेबाने ते जिंकले आणि पुढे ते निजामाच्या राज्यात गेले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके आपल्याकडे आले आणि बिदर, भालकी, औराद कर्नाटकात गेले. त्यामुळे येथील बाजारात कानडी, दखनी, मराठी आणि तेलुगू अशा चारही भाषा कानावर पडतात आणि मराठीत भाव विचारला तर उत्तरही पुष्कळदा मराठीतच मिळते.

आता बिदरीविषयी सविस्तर लिहितो. ही वस्तू मुळात जस्ताची असते. त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. मातीत एरंडेल आणि राळ मिसळून साचा तयार करतात, त्यात वितळलेला धातू ओततात आणि थंड झालेली ओबडधोबड वस्तू कानशीने घासून गुळगुळीत करतात. त्यानंतर तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि टोकदार सळईने काढलेली नक्षी त्यावर उठून दिसते. ही नक्षी कारागीर नजरेच्या अंदाजाने, कोणताही छाप न वापरता काढतो. मग छोट्या छिन्नीने त्या रेषांच्या चरी कोरतात आणि त्यांत शुद्ध चांदीची तार किंवा पातळ पत्रा हातोडीने ठोकून बसवतात. तार बसवली तर ते तारकशी, पत्र्याचे तुकडे बसवले तर तहनिशान. आणि चांदीचा पत्राच वस्तूभर चढवून त्यातून नक्षी कापून काढली, म्हणजे चांदीच्या पार्श्वभूमीवर काळी फुले उमटली, तर त्या कामाला आफताबी म्हणतात. खरी कसोटी मला आफताबीत दिसते, कारण तिथे कापताना झालेली चूक झाकता येत नाही.

एवढे सगळे झाल्यावर वस्तू पुन्हा घासून काढतात, मोरचुदाचा काळेपणा निघून जातो आणि जस्त व चांदी दोन्ही करड्या रंगाची दिसू लागतात. इतक्या तासांची मेहनत कुठे गेली असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. शेवटची पायरी मात्र सगळे चित्र पालटून टाकते. किल्ल्यातील जुन्या इमारतींच्या आडोशाची, जिथे वर्षानुवर्षे ऊन किंवा पाऊस पोहोचलेला नाही अशा जागेची माती आणतात, ती नवसागरासह पाण्यात उकळतात आणि गरम केलेली वस्तू त्या पाण्यात फिरवतात. जस्त कायमचे काळेभोर होते, चांदीला मात्र काही होत नाही. त्या मातीतील क्षारांचा हा गुण आहे. माती योग्य आहे की नाही हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात आणि दुसऱ्या गावच्या मातीने असा काळा रंग चढत नाही, असे ठामपणे सांगतात. शेवटी तेलाचा हात फिरवला की काम पूर्ण होते. किल्ल्याच्या मातीवाचून जी वस्तू पुरी होऊ शकत नाही, तिला २००६ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले यात आश्चर्य काही नव्हते.

ही कला बहामनी काळात इराणहून आली असे परंपरा सांगते. संग्रहालयांत दिसणाऱ्या जुन्या वस्तू मात्र प्रामुख्याने सतराव्या शतकापासूनच्या आहेत. हुक्क्याचे तळ, पानदान, सुरई, तस्त अशा दरबारी वापराच्या वस्तूंवर हे काम होत असे. आज दुकानांत किल्लीच्या साखळ्या, पेनड्राइव्ह आणि सत्कारात देण्याची स्मृतिचिन्हे अधिक दिसतात. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही. हुक्के गेले म्हणून कारागिरांनी हात बांधून बसायचे काय? शाह रशीद अहमद कादरी या बिदरच्या कारागिराला २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या कामाकडे थोडे लक्ष वळले, पण कोरण्यात डोळे आणि पाठ खर्ची घालणाऱ्या माणसाला मिळणारी मजुरी आणि मोठ्या शहरातील दालनात लागणारी किंमत यांतील अंतर पाहिले की खरी तक्रार कुठे करायला हवी ते समजते.

हे सर्व डोक्यात ठेवून किल्ल्यातील रंगीन महालात शिरावे. बरीदशाहीत, अली बरीदच्या काळात, या महालाला आजचे रूप आले. लाकडी खांबांवरील कोरीवकाम आणि रंगीत टाइल्स यांच्यासाठी तो नावाजला जातो, परंतु माझे पाय थबकले ते काळ्या दगडात शिंपल्याच्या तुकड्यांनी घडवलेल्या वेलबुट्टीपाशी. काळ्या पृष्ठभागात चर कोरायची आणि तीत चकाकणारा पांढरा पदार्थ चपखल बसवायचा, ही हुबेहूब बिदरीचीच रीत आहे. दोन्ही कामे करणारे लोक एकच होते असे म्हणण्याला माझ्याकडे आधार नाही. पण एका शहराची नजर घडलेली असते, ती दगड आणि धातू असा भेद मानत नाही.

किल्ल्यात यापलीकडेही पुष्कळ आहे. खडक फोडून काढलेला तिहेरी खंदक आहे, शर्झा दरवाजावर कोरलेले वाघ आहेत, आणि १४२३-२४ चा शिलालेख असलेली सोळा खांब मशीद आहे, जिच्या जाडजूड गोल खांबांच्या रांगांमधून चालताना भर उन्हातही गारवा जाणवतो. तख्त महालाच्या कमानीवर वाघ आणि उगवता सूर्य यांचे टाइल्समधील अवशेष दिसतात. मराठी माणसाला या पडझडीत आणखी एक ओळख लागते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली आणि पंढरीचा विठोबा विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे त्या धान्याची भरपाई करून आला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो, ते बेदर हेच. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते हा वेगळा प्रश्न. पण मंगळवेढ्यापर्यंत ज्याचा हुकूम चालत होता असे दरबाराचे ठिकाण लोकांच्या मनात किती ठसले होते, ते तिच्यातून दिसतेच.

शहरातील सर्वांत हृद्य वास्तू कोणती असे विचारले तर मी महमूद गावानच्या मदरशाचे नाव घेईन. इराणातील गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला हा गृहस्थ बहामनी राज्याचा वजीर झाला, त्याने १४७२ साली हे तीन मजली विद्यालय बांधले आणि त्यात मोठा ग्रंथसंग्रह ठेवला. १४८१ साली बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याला ठार करवले आणि त्यानंतर बहामनी सत्ता फार काळ सावरली नाही. मोगल अमलात येथे दारूगोळा साठवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा एका मनोऱ्यासह उडाला. जो मनोरा उरला, त्याच्यावर नागमोडी पट्ट्यांत निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या टाइल्सचे तुकडे अजून टिकून आहेत. इराणी पद्धतीच्या या कामाची परंपरा बिदरमध्ये आजवर टिकली नाही, जस्त-चांदीची मात्र टिकली. माझ्या मते याचे एक कारण सरळ आहे : टाइल्सना बांधकाम काढणारा सुलतान लागतो, पानदानाला एखादा हौशी गिऱ्हाईक पुरतो.

शहरापासून जवळच अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरी ओळीने आहेत. हुमायूनच्या कबरीचा घुमट वीज पडून दुभंगला आहे आणि त्या भगदाडामुळे एरवी गिलाव्याखाली झाकली राहणारी भिंतीची जाडी आणि घुमटाची घडण उघडी पडली आहे. बांधकामाची आवड असलेल्याने येथे सावकाश उभे राहावे. अहमदशहा वलीच्या कबरीत, बाहेरून साध्या दिसणाऱ्या त्या घुमटाच्या आत, शेंदरी, निळ्या आणि सोनेरी रंगांतील चित्रकाम आणि सुलेखन छतापर्यंत चढत गेले आहे. या सुलतानाला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत भाविक त्याच्यात आपले संत अल्लमप्रभू यांना पाहतात. म्हणूनच त्याचा उरूस हिजरी तारखेने भरत नाही. होळीनंतर, हिंदू पंचांगाप्रमाणे तेथे जत्रा भरते आणि तिच्यात जंगमांना मान असतो.