मॅग्नसनच्या बापाचं नाव मॅग्नस नव्हतं

२०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये आइसलँडने अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं, वर मेस्सीची पेनल्टीही अडवली. आमच्या घरात मात्र चर्चा रंगली ती जर्सीच्या पाठीवरच्या नावांची. हाल्डोरसन, आर्नासन, गुनारसन, फिनबोगासन... अकराच्या अकरा जण कोणाचे ना कोणाचे 'सन'. त्यात सिगुर्डसन दोन. "सख्खे भाऊ दिसतायत," आईने जाहीर करून टाकलं. प्रत्यक्षात त्यांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही. वर्गात दोन मुलांच्या वडिलांचं नाव सुरेश असावं, तेवढाच तो योगायोग.

कारण आइसलँडमध्ये आडनाव म्हणून जे दिसतं ते बहुतेकांच्या बाबतीत आडनाव नसतंच. बापाच्या नावाला मुलासाठी 'सन' जोडायचं, मुलीसाठी 'दोत्तिर'. नवरा, बायको, मुलगा, मुलगी असं चौकोनी कुटुंब असेल तर दारावर चार वेगळी नावं. लग्न झालं म्हणून बाई बापाचं नाव टाकत नाही. आणि हाक पहिल्या नावाने, मग समोर राष्ट्राध्यक्ष का असेनात. १९८० ते १९९६ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या विग्दिस फिनबोगादोत्तिर देशभर नुसत्या विग्दिस होत्या. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाच्या अक्षरानुसार लावलेली असे, आणि नेमकी विग्दिस कळावी म्हणून पुढे व्यवसाय.

इंग्रजीला मात्र आडनावाचा रकाना रिकामा सोडवत नाही. जे शेवटी लिहिलंय ते आडनाव, विषय संपला. याचा माझा लाडका नमुना म्हणजे मॅग्नस मॅग्नसन. सिद्धार्थ बसूंचं 'मास्टरमाइंड इंडिया' ज्यांनी पाहिलंय त्यांना ती काळी खुर्ची आठवत असेल. मूळ ब्रिटिश कार्यक्रमात त्या खुर्चीसमोर बसून १९७२ ते १९९७ प्रश्न विचारणारा तो हा. जन्म १९२९ चा, रेक्याविकचा. वडील सिगुर्स्टेन, आजोबा मॅग्नुस. म्हणजे रिवाजाप्रमाणे हा मॅग्नुस सिगुर्स्टेनसन. पण बाळ वाढलं एडिंबरोत, आणि तिथल्या हिशेबाने बाप मॅग्नसन तर पोरगाही मॅग्नसन. झालं, आजोबांचा नातू त्यांचा मुलगा होऊन बसला! गंमत पुढेच आहे. त्याची मुलगी सॅली, तीही मॅग्नसन, ब्रिटनमध्ये पत्रकार म्हणून नावाजलेली. या पिढीत बाप बरोबर जुळला, तर मुलीचा मुलगा झाला.

नुसत्या इंग्रजीला बोल लावून चालणार नाही म्हणा. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे इथेही पूर्वी दर पिढीला नाव बदलायचं. मग सरकारांना एकेका घराचं कायमचं नाव हवंसं झालं. डेन्मार्कने १८२८ मध्ये फर्मान काढलं, स्वीडनने १९०१ मध्ये, नॉर्वेने १९२३ मध्ये. त्या काळी ज्याच्या पणजोबांच्या बापाचं नाव येन्स होतं तो आजही येन्सनच. डेन्मार्कात नील्सन, येन्सन आणि हान्सन यांची इतकी दाटी झाली की १९०४ साली सरकारनेच नवं आडनाव घेणं सोपं करून दिलं.

अमेरिकेला गेले त्यांची वेगळी तऱ्हा. स्वीडिश अँडरसनमधला एक 'एस' वाटेत गळाला, निल्सनचा नेल्सन झाला, योहान्सनचा सरळ जॉन्सन. न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या एलिस आयलंडवरच्या कारकुनांनी ही नावं बदलली असं हमखास सांगतात. बिचाऱ्यांच्या हातात जहाजाची यादी असायची, ते तीवरूनच नावं तपासायचे. बदल बहुधा लोकांनी नंतर आपापल्या सोयीने केले. काहींना तर जुनं नाव नकोच होतं. स्वीडनच्या संसदेतले उला मोन्सन लफड्यात सापडले, १८५९ मध्ये मिनेसोटाला पोचले आणि ऑगस्ट लिंडबर्ग झाले. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांचा नातू.

आपण मराठी लोक यात हुशार निघालो असं मला बरेच दिवस वाटायचं. बापाचं नाव मधे, ते दर पिढीला बदलणार. आडनाव शेवटी, ते जागचं हलणार नाही. सन नाही, दोत्तिर नाही, भानगड नाही. पण ही हुशारी पुरुषांपुरतीच. विग्दिसबाईंच्या देशातल्या बायका जन्माला येताना मिळालेलं नाव शेवटपर्यंत वापरतात. आमच्या आत्याचं मधलं नाव लग्नात बदललं, आडनाव बदललं, आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलंही बदललं. शाळेचा दाखला कुसुमचा, पेन्शन वसुधाची, आणि दोघी एकच बाई आहेत हे पटवायला ती गेले दोन महिने बँकेत खेटे घालतेय. आता ते गॅझेटची प्रत मागतायत.