जोसेफ, कूगर आणि आमच्या ओतूरचा वाघ

लाँग वीकेंडला पोर्टलँडहून जोसेफला जाऊन आलो, ओरेगॉनचा पार ईशान्येचा कोपरा, सहा तास गाडी. ला ग्रँडला मोठा हायवे सोडला की मिनामची घळ लागते आणि ती संपली की एकदम वलावाचं खोरं, गवत, गायी, मागे बर्फाचे डोंगर. तळं भारीच आहे, फोटो नंतर टाकतो.

राहिलो एका रँचवर. दिवस मावळायला लेक कुंपणाकडे पळाली तर घरमालक आजोबा ओरडलेच, या वेळेला पोरीला एकटं सोडू नको, कूगर (अमेरिकेतलं बिबट्याएवढं मोठं रानमांजर) असतो. अंगावर काटा आला राव, कारण हेच लहानपणी ओतूरला (जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव) आज्जी रोज सांगायची, फक्त ती वाघ म्हणायची (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात).

मग विषय निघाला तो जेवण होईपर्यंत. १९९४ ला इथे मतदान होऊन कुत्रे लावून कूगर मारायला बंदी आली, १९९६ ला ती उठवायचा प्रयत्न झाला तोही पडला. शिकार बंद नाहीये हां, टॅग (शिकारीचा परवाना) स्वस्तात मिळतो, सीझन वर्षभर, कोटा भरेपर्यंत. पण आजोबांचं म्हणणं, कुत्र्यांशिवाय तो दिसणार कसा? कुत्रे मागे लागले की तो झाडावर चढतो, मग खाली उभं राहून नर का मादी नीट बघता येतं, पिल्लंवाली वाटली तर सोडून द्यायची. आता लोक हरणं मारायला जातात, खिशात कूगरचा टॅग असतोच, दिसला की घातली गोळी. "आणि बंदी घातली कोणी? तुम्ही पोर्टलँडवाल्यांनी!" मी तेव्हा चौथीत होतो हो आजोबा, पण गप्प बसलो.

घरमालकीण आजी मात्र दुसऱ्या पार्टीच्या. त्या म्हणे साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कूगर मारला की सरकार बक्षीस द्यायचं, तेव्हा राज्यात जेमतेम २०० उरले होते, आज ६,००० च्या वर आहेत, आणि रानात कूगरने माणूस मारल्याची ओरेगॉनमधली पहिली नोंद थेट २०१८ ची, माउंट हूडची. शिवाय जुना नर मारला की त्याच्या जागेत तरणे घुसतात आणि तेच मेंढरांवर येतात. मी म्हटलं आमच्या जुन्नरला सेम झालंय, बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडले तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेयांनी त्यावर अभ्यासच केलाय. आजी नवऱ्याकडे बघून "बघ!"

आजोबांनी शांतपणे विचारलं, तुमच्याकडे शेतकऱ्याला गोळी घालता येते का? इथे जनावरं मारणारा कूगर रँचवाला टॅगशिवाय मारू शकतो. नाही म्हटलं. मग करतात काय? काय सांगणार, रात्रीची लाईट असली की एका हातात बॅटरी, एका हातात काठी, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून उसात दारं धरायला जातात. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत.

सकाळी बॅगा टाकताना आजोबा गाडीपाशी आले, म्हणाले परत मतदान आलं तर काय देशील? गेल्याच वर्षी सिटिझन झालोय, म्हणजे मत आहे मला. म्हटलं आईला फोन करून विचारतो, ती अजून ओतूरलाच असते. मला वाटलं हसतील. नाही हसले, "विचार," म्हणाले.