सांडपाण्यातले जीवाणू आणि समोर बसलेले श्रोते

मी सांडपाण्यातल्या जीवाणूंवर संशोधन करते. अँटिबायोटिकला दाद न देण्याची क्षमता एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हा आमच्या गटाचा विषय. विद्यापीठाने सर्वांसाठी खुली व्याख्यानं ठेवायचं ठरवलं तेव्हा मी आपणहून नाव दिलं. हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही, गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे, असं मला मनापासून वाटतं.

तयारी सुरू करताना मी आमचे शोधनिबंध बाजूला ठेवले आणि लोकांना आधीच काय वाटतं ते शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये १२ देशांतल्या सुमारे १०,००० लोकांना याविषयी विचारलं होतं. त्यातल्या ७६ टक्के लोकांची समजूत अशी की रुग्णाच्या शरीराला औषधाची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही. खरं तर बदलतात ते जीवाणू. हा फरक फार महत्त्वाचा आहे. शरीराला सवय होते असं मानणारा माणूस म्हणणार, मी तर कधी गोळ्या घेत नाही, मला कसली भीती? पण ज्याने आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतलं नाही, त्यालाही औषधाला न जुमानणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधक जीवाणूचा संसर्ग होऊ शकतो. सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती उभं करायचं आणि त्याला मदत न करणारी प्रत्येक स्लाइड काढून टाकायची, असं ठरलं. माझा सर्वांत आवडता आलेख त्यात गेला.

प्रयोगाची पद्धत वगळ, लोक कंटाळतात, असा सल्ला बहुतेक सहकाऱ्यांनी दिला. तो मी मानला नाही. नुसता निष्कर्ष सांगितला तर श्रोत्यांना आपल्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. पद्धत सांगितली की ते स्वतः तपासू शकतात. आणि हा प्रयोग सांगायला अवघड नाही. जीवाणूंचे दोन प्रकार घ्यायचे. एक 'क' औषधात तग धरतो, दुसरा 'ख' औषधात. दोघांना काही तास एकत्र वाढू द्यायचं. मग ते मिश्रण दोन्ही औषधं घातलेल्या बशीवर पसरायचं. मूळचे दोन्ही प्रकार तिथे वाढू शकत नाहीत. तरीही दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके दिसतात. ते कुठून आले?

इथे मी थांबले आणि श्रोत्यांनाच विचारलं. थोड्या वेळाने मागच्या रांगेतून उत्तर आलं, "एकाने दुसऱ्याला काहीतरी दिलं असणार." अगदी बरोबर. जीवाणूंमध्ये अशी देवघेव होते हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवलं. आमच्या प्रयोगात जे दिलं जातं ते प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं एक छोटं कडं. वर्गात एकाची वही दुसरा उतरवून घेतो तसंच हे. देणाऱ्याची वही त्याच्याकडेच राहते आणि घेणाराही पुढे तिसऱ्याला देऊ शकतो.

व्याख्यानाआधी एक काम वाढलं. जनसंपर्क विभागाने पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकाच्या मसुद्याचा मथळा होता, प्रतिरोधक जीवाणूंवर उपाय दृष्टिपथात. आम्ही उपाय शोधलेला नव्हता. विशिष्ट परिस्थितीत प्लाझ्मिडची देवघेव मंदावते एवढंच आम्हाला दिसलं होतं, तेही बशीत. मी मथळा बदलून घेतला आणि हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे, रुग्णांवर काहीही तपासलेलं नाही, हे वाक्य दुसऱ्याच परिच्छेदात घालायला लावलं. प्राध्यापकांनी हा कागद स्वतः वाचलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची तपासणी २०१४ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आली होती. प्राण्यांवरच्या अभ्यासांविषयीच्या ३६ टक्के पत्रकांत माणसांबाबतचे निष्कर्ष मूळ निबंधापेक्षा फुगवून मांडलेले होते. म्हणजे बातमी होण्याआधीच, विद्यापीठाच्या आतच अतिशयोक्ती सुरू होते.

आकडे मी मोजकेच ठेवले. २०१९ साली प्रतिरोधक जीवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे. असे जीवाणू संसर्गात असताना झालेले मृत्यू धरले तर आकडा ४९.५ लाखांवर जातो. व्याख्यानात बहुधा मोठा आकडाच फेकला जातो. मी दोन्ही दिले आणि फरक सांगितला: याच संसर्गांवर औषध लागू पडलं असतं तर टळले असते ते पहिले, संसर्गच झाला नसता तर टळले असते ते दुसरे. त्या दोन वाक्यांवर श्रोत्यांनी सर्वांत जास्त टिपणं घेतली.

प्रश्नोत्तरांत सर्वांत कठीण प्रश्न पहिलाच आला. "कोर्स अर्धवट सोडला की जीवाणू निगरगट्ट होतात, हे खरं का?" हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण २०१७ मध्ये बीएमजेमध्येच काही तज्ज्ञांनी लिहिलं होतं की या समजुतीमागचा पुरावा तोकडा आहे आणि गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेण्यानेही प्रतिरोध वाढतो. हे मी तसंच सांगितलं. लगेच पुढे हेही सांगितलं की क्षयरोगात उपचार मध्येच थांबवणं घातक ठरतं आणि कुठलाही कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं, बरं वाटलं म्हणून आपण नाही. उत्तर लांबलं, पण कुणी चुळबुळ केली नाही. विज्ञानातलं मतभेदाचं अंग लोकांना झेपत नाही, असं मला कुणी सांगितलं तर मी त्या दहा मिनिटांचा दाखला देईन.

शेवटी एका बाईंनी विचारलं, उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या तर त्या तुमच्या जीवाणूंपर्यंत येतात का? येतात. शिवाय कित्येक अँटिबायोटिकांचा मोठा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. जीवाणू मरणार नाहीत इतक्या विरळ औषधातही प्रतिरोधक जीवाणूंचं फावतं, हे उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं आहे. गोळ्या परत घेण्याची सोय जिथे असेल तिथे त्या परत द्याव्यात, असं मी सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग घरांतून नेमकं किती येतं, हे तुम्ही मोजलंय?"

आमचे सगळे नमुने शुद्धीकरण केंद्रातले आहेत, तिथे सगळीकडचं पाणी एकत्र झालेलं असतं. फक्त घरांचं पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमधून वेगळे नमुने घेण्याचा भाग आम्ही पुढच्या प्रकल्पाच्या प्रस्तावात घातला आहे.