तुम्ही विचारलंत म्हणून: कलावंत आले की वस्ती सावरते का?

ओस पडलेल्या भागात चित्रकार, कारागीर, छोटे दुकानदार आले की तो भाग सावरतो, की भाडी वाढून जुने रहिवासीच बाहेर फेकले जातात? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दोन्ही घडतं. यातलं काय टिकेल, ते जागेची मालकी ठरवते, असं माझं ठाम मत आहे.

ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल बघा. १९८९ मध्ये भूकंप झाला, १९९९ मध्ये पोलाद कारखाना बंद पडला, आणि मुख्य रस्त्यांवरच्या कित्येक दुकानांना टाळी लागली. २००८ मध्ये मार्कस वेस्टबरी यांनी रिकामी दुकानं कलाकारांना मिळवून देणारं ‘रिन्यू न्यूकॅसल’ सुरू केलं. भाडेकरू एकदा बसला की उठत नाही, ही मालकांची भीती त्यांनी ओळखली. म्हणून भाडेकरार केलाच नाही. जागा वापरायची नुसती परवानगी घेतली, तीस दिवसांची, पुढे वाढवत नेता येणारी. पूर्ण भाडं देणारा कुणी मिळाला तर मालकानं जागा परत घ्यावी. एवढ्या साध्या युक्तीनं बंद दुकानं उघडली आणि कलाकार-कारागीर तिथे कामाला बसले.

रस्त्यावर माणसांची नजर असली की रस्ता सुरक्षित राहतो, हे शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. ती नजर दुकानदार दिवसभर पुरवतो. भिंतीवरचं चित्र बघून माणूस पुढे जातो. सायकल दुरुस्तीला टाकली तर त्याला परत यावंच लागतं. त्यामुळे चार भिंती रंगवून वस्ती सुधारल्याचा गाजावाजा मला पटत नाही.

पण रस्ता गजबजला की परवानगीवर बसलेल्यालाच आधी उठावं लागतं. न्यूयॉर्कच्या सोहोत तर १९७१ मध्ये कलावंतांना जुन्या कारखान्यांच्या माळ्यांवर राहायची कायदेशीर मुभा मिळाली होती. तरी पुढे महागडी दुकानं आली आणि होतकरू कलावंताला तिथे राहणं परवडेनासं झालं.

याउलट अमेरिकेतल्याच ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमध्ये, कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत, कलावंत रिक लो आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२ पडकी घरं हाती घेतली. ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ ते हेच. काही घरांत कलाकृती मांडल्या, काहींत शिकत असलेल्या एकट्या तरुण आयांना मुलांसह राहायला जागा दिली. पुढे परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायला वेगळी संस्थाही काढली. कलेइतकीच छपराची काळजी घेतली, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

तुमच्या भागात असं काही ठरत असेल तर पहिल्याच बैठकीत विचारा: जागा कुणाच्या नावावर राहणार, भाडं किती वर्षं वाढणार नाही, आणि हे कागदावर कुठे लिहिलंय?